कूलर करंट मारते, नव्या खोलीची वायरिंग घरीच करू का वायरमनच लावू?

कपाशी_दारव्हा:
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. घरकुलाले लागून यंदा एक खोली वाढवली, स्लॅब झाला, प्लास्टर झालं, आता फक्त वायरिंग रायली. दोन पंखे, चार लाईट, टीव्हीचा एक पॉईंट अन् कूलरचा एक, एवढंच काम आहे. वायरमनले फोन करू करू थकलो, एप्रिल लागला का हे लोक कोणाच्या हाती लागत नाहीत, ज्याच्या त्याच्या घरी कूलर अन् मोटरीचे कामं निघतात. एक जण येऊन पाहून गेला, त्यानं पॉईंटमागे जो रेट सांगितला तो ऐकून बाबा म्हणतात राहू दे, तूच कर. मी बारावी सायन्स आहे, घरचे बोर्ड-पंखे मीच खोलतो, मोबाईलवर व्हिडिओ पण पाहून ठेवले.

दुसरी गोष्ट जुन्या कूलरची. पत्र्याचा आहे, पाणी भरताना बोटाले झिणझिण होते, चप्पल असली का कमी, ओल्या फरशीवर पाय असला का चांगलंच जाणवते. आई म्हणते करंट मारते. त्या वायरमनले दाखवलं त त्यानं पिन उलटी करून लावून दिली अन् म्हणाला झालं. कमी झालं हे खरं, पण पूर्ण गेलं नाही. बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नाही, म्हणजे घराले अर्थिंग आहे का नाही तेही कळत नाही.

त मले एवढंच विचारायचं आहे का खोलीचं काम घरी करता येईल का, अन् कूलरसाठी जाड वायर टाकली त शॉक बंद होईल का?

तारतंत्री_अमरावती:
भाऊ, आधी कूलरचं. आज संध्याकाळपासून तो कूलर चालू ठेवून त्याले कोणी हात लावायचा नाही, पाणी भरायचं त आधी बटन बंद, मग पिन बाहेर, मग बकेट. घरात सगळ्याईले सांग, लहान पोट्टे असतील त त्याईले दोनदा सांग. बाकीचं नंतर.

जाड वायरनं शॉक थांबत नाही. कूलर ओढून ओढून एक-दीड अँपियर ओढते, दीड एमएमची वायर त्याले भरपूर होते. तुझा प्रॉब्लेम लोडचा नाहीच, लीकेजचा आहे. पाण्यात बसलेला पंप, त्याच्या वायरीचा काळ्या टेपनं गुंडाळलेला जॉईंट, नाही त मोटरची वाइंडिंग, ह्या तिघांपैकी कुठूनतरी फेज पत्र्यावर उतरून रायला. अन् पिन उलटी केली म्हणजे लीकेज गेलं असं होत नाही, वाइंडिंगचं जे टोक खराब आहे ते न्यूट्रलच्या बाजूले गेलं म्हणून झिणझिण कमी झाली एवढंच. वरून नवी भानगड झाली, आता कूलरचा खटका न्यूट्रल तोडते, म्हणजे खटका बंद आहे, पंखा थांबला आहे, माणूस म्हणते बंद आहे, अन् आत फेज तसाच उभा. ज्यानं हे करून दिलं त्याच्या हातून खोलीची वायरिंग करून घेऊ नको, मी तोंडावर सांगतो.

आता 230 व्होल्टचा हिशेब पाय. 15 वॉटचा बारका बल्ब जेवढा करंट घेते ना, अंदाजे 65 मिलीअँपियर, तेवढा छातीतून गेला त हृदय बंद पडू शकते. तुमचा बोर्डातला एमसीबी 16 अँपियरचा. त्याले ह्या 65 मिलीअँपियरचा पत्ताही लागत नाही. माणूस चिकटून राहते अन् एमसीबी पडत नाही, कारण तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असते, माणसासाठी नाही. लोक म्हणतात आमच्याकडे एमसीबी आहे ना, म्हणून निवांत राहतात, अन् हाच गैरसमज मले सगळ्यात जास्त खटकते.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, 30 मिलीअँपियरची घ्यायची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं पूर्ण वापस आला का नाही हे ती पाहत राहते, तेवढा फरक आला का सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पडते. दीड-दोन हजारात येते. सोबत खरी अर्थिंग. दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही, ते कसं ते कोणी विचारलं त सविस्तर लिहितो, आता साईटवर आहो.

वर्धेची_सून:
मला एक सांगायचं आहे आणि ते जरा कडक वाटेल. आपल्याकडे कूलरमध्ये पाणी कोण भरतं? घरातली बाई भरते नाहीतर शाळेतून आलेलं लेकरू भरतं. दुपारचे दोन वाजलेले, 45 डिग्री तापमान, सगळे कूलरपुढे झोपलेले, कूलर बंद करायचा म्हटलं की आतून आवाज येतो "चालूच राहू दे". मग चालू कूलरच्या खिडकीतून बादली ओतायची, पायाखाली सांडलेलं पाणी, पायात चप्पल नाही, आणि एक हात पत्र्यावर टेकलेला. वाचवायचे पैसे पुरुषाने ठरवायचे आणि शॉक बाईने खायचा, असा हा व्यवहार आहे. दरवर्षी उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरात कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी असतेच, महावितरणवालेही दर उन्हाळ्यात सांगतात की तीन पिनचाच प्लग वापरा, अर्थिंग करा, पाणी भरताना वीज बंद करा. वाचून पान उलटलं जातं.

माझ्या माहेरी पाहिलेलं सांगते. नवा कूलर आला, प्लगला तीन पिना, बोर्डात दोनच भोकं. तर घरातल्या शहाण्या माणसाने वरची जाड पिन करवतीने कापून टाकली. म्हणजे कंपनीने जीव वाचवायला दिलेली तीच पिन कापली! दुसऱ्या एका घरी तर प्लगच नव्हता, दोन वायरींची टोकं सोलून सॉकेटमध्ये घातलेली आणि निघू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खुपसलेल्या. आणि त्या बोर्डाखालीच पाण्याचा ड्रम.

दादा, तुमच्या आईला "करंट मारते" हे कळतंय, तर आधी कूलर बंद ठेवा. चार दिवस उकाड्यात काढता येतील. आणि घरात सगळ्यांना हेही शिकवून ठेवा की कोणी चिकटलंच तर ओढायला धावायचं नाही, आधी मेन पाडायचा, मेन लांब असेल तर सुक्या लाकडाने हात सोडवायचा, आणि श्वास बंद असेल तर 108 ला फोन लावून छाती दाबायला सुरुवात करायची. एकाला वाचवायला गेलेला दुसरा जातो, हे फार होतं.

रोही_राखणदार:
ताईचं बरोबर आहे, पण खेड्यातली बाजू पण कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो. शहरात बसून "वायरमन बोलवा" म्हणणं सोपं हाय. आमच्याकडं लाईनमन एक अन् गावं पाच-सहा, शेतात लाईन कधी रात्रीची येते, फ्यूज गेला त ओलित पडते, गहू-हरभरा वाट पाहत नाही. बोर्डातलं बटन, होल्डर, पंख्याचा कंडेन्सर, रेग्युलेटर, पिनटॉप, मोटरच्या स्टार्टरचा रिले, हे सगळं मी स्वतः करतो अन् नीट करतो. अन् ज्याले गावात वायरमन म्हणतात त्यातल्या कित्येकांनी आयटीआयचं तोंड पाह्यलेलं नाही, कोणाच्यातरी हाताखाली दोन उन्हाळे फिरले अन् झाले वायरमन. मंग त्याच्यापेक्षा वाचून-समजून करणारा घरचा पोरगा काऊन वाईट? दारव्ह्याच्या भावानं सायन्स केलं हाय, त्याले फेज-न्यूट्रल समजते, आठ पॉईंटची खोली हाय, काही हवेली नाही. माझं मत, कर भाऊ, पण घाई करू नको, अन् टेस्टर जवळ ठेव.

तारतंत्री_अमरावती:
राखणदार भाऊ, तुमच्या अर्ध्या गोष्टीले माझा पाठिंबा आहे. गावात बिनशिक्षणाचे वायरमन आहेत हे खरं, वर कूलरची पिन उलटी करणारा त्यातलाच. अन् बटन, होल्डर, कंडेन्सर बदलणं हे घरच्या माणसानं केलं त काही बिघडत नाही, मेन पाडून केलं त. पण दोन गोष्टींवर मी भांडीन.

पहिली, टेस्टर. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन नाही, असं मानून हात घालणारे मी पाह्यले. उन्हात निऑनचा बारका लाईट दिसतच नाही, टेस्टर खराब असला तरी पेटत नाही, पायात जाड रबरी चप्पल असली त मंद पेटते. आधी चालू पॉईंटवर लावून पाहा पेटते का, मग बंद केलेल्यावर, मग परत चालूवर. अन् शक्य असेल त मल्टिमीटर घ्या, साधं तीन-चारशेत येते. त्याच्यात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ दोन्ही पाहता येते. न्यूट्रल मधी कुठं तुटला असला त दोन्ही वायरीवर टेस्टर पेटते अन् माणूस डोकं खाजवत बसते, तिथं मल्टिमीटरच कामाचा.

दुसरी, मेन पाडला म्हणजे घर मेलं असं आता रायलं नाही. घरोघरी इन्व्हर्टर आहेत. मेन पाडला का इन्व्हर्टर लगेच उठते अन् त्याच बोर्डात त्याच 230 नं परत लाईन येते. पंखा खोलायले स्टूलवर चढलेला माणूस अशानं पडलेला आहे. इन्व्हर्टर बटनानं बंद करा अन् त्याची आउटपुटची पिन पण काढा. ज्याच्या छपरावर सोलर आहे त्यानं त पॅनलकडून येणाऱ्या वायरीले हातच लावू नये, ऊन आहे तोवर त्या चालूच असतात, मेनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

अन् डीपीवर चढून फ्यूज टाकणं, डिओ (खांबावरचा ड्रॉप-आउट फ्यूज) काठीनं पाडणं, हे कोणीच करू नका, ओलित गेलं तरी चालेल. एका बाजूनं बंद केली अन् दुसऱ्या कोणाच्या चुकीच्या इन्व्हर्टर-जनरेटरनं लाईन उलटी आली, असेही प्रकार होतात. 1912 ले तक्रार टाका, नंबर लिहून घ्या, परत परत लावा.

रोही_राखणदार:
डीपीचं मान्य, त्याच्यावर मी वाद घालत नाही. इन्व्हर्टरचं पण मान्य. अन् आणखी एक माझ्याकडून जोडतो, डुकरं-रोह्यांसाठी कुंपणाले घरची लाईन सरळ जोडणारे लोक अजूनही हायेत. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असते, थांबून थांबून येते, जनावर पळून जाते. सरळ लाईन सोडत नाही. रात्री ओलिताले निघालेला शेजारी त्यात गेला त गुन्हा दाखल होते अन् दोन घरं उठतात. पीक गेलं त गेलं.

कपाशी_दारव्हा:
सगळ्याईचे आभार, कूलर कालच बंद करून बाजूले ठेवला, आईनं पण होकार दिला. तारतंत्री दादा, अर्थिंग अन् आरसीसीबी दोन्ही पाहिजेत म्हणाले तुम्ही, ते कसं ते सांगा. बाबा म्हणतात अर्थिंग केली का झालं, वरून दोन हजाराची डबी कशाले. अन् शेजारच्या दुकानदारानं सांगितलं का बोर्डातल्या तिसऱ्या भोकाले न्यूट्रलचा तुकडा जोडून दे, तीच अर्थिंग. हे चालते का?

तारतंत्री_अमरावती:
न्यूट्रलचा तुकडा अजिबात नाही! हे गावोगाव करून ठेवलेलं आहे अन् हे माणूस मारते. विचार कर, न्यूट्रल खांबावर नाही त मीटरजवळ सैल झाला, तुटला. घरातला पंखा-बल्ब जो चालू असेल त्याच्यातून फेज त्या न्यूट्रलवर येऊन उभा राहते, अन् तो न्यूट्रल तू कूलरच्या, फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्याले जोडून ठेवला. कूलरमधी काहीच बिघाड नसताना पूर्ण पत्रा 230 वर. वादळ-वाऱ्यात न्यूट्रल तुटणं आपल्याकडं काही दुर्मिळ नाही.

आता बाबांसाठी हिशेब, त्याईले वाचून दाखव. समज खड्डा चांगला केला अन् अर्थिंगचा रेझिस्टन्स 20 ओम आला. पत्र्यावर फेज उतरला त 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपियर जमिनीत जाईल. एमसीबी 16 चा, तो पडणारच नाही. पत्र्यावर लाईन तशीच राहील. अन् हे चांगल्या अर्थिंगचं सांगतो. आपली काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, माती पाईपापासून सुटते, अन् तोच रेझिस्टन्स कितीतरी पट वाढते. म्हणजे ज्या महिन्यात कूलर चालते त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात कमजोर. आता त्याच्यात आरसीसीबी धर. रेझिस्टन्स 200 ओम झाला तरी एक अँपियरच्या वर करंट जाते, आरसीसीबीले 0.03 पुरते, ती तात्काळ पडते, कोणी हात लावायच्या आधीच. अर्थिंग नसताना नुसती आरसीसीबी असली त ती पडेल, पण कोणाच्यातरी अंगातून करंट गेल्यावर पडेल. म्हणून दोन्ही.

अन् आरसीसीबी आहे म्हणून एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला त ती वाचवत नाही, तिले तुम्ही बल्बसारखेच दिसता. म्हणून उघड्या वायरीशी खेळ नाहीच.

आता काम वाटून देतो, पैसे इथंच वाचतात. अर्थिंगचा खड्डा तू अन् बाबा खोदा, मोरीचं पाणी जाते त्या बाजूले, भिंतीपासून जरा दूर, आठ-साडेआठ फूट खोल. दीड इंची जीआय पाईप अडीच मीटरचा, बाजूनं कोळसा अन् मिठाचे थर, वर पाणी टाकायले तोंड उघडं ठेवायचं अन् उन्हाळाभर त्याच्यात पाणी टाकत राहायचं. भिंतीतल्या खाचा तूच पाड, पाईप-बॉक्स तूच बसव, पंख्याचे हूक, पट्ट्या, सगळं तू. वायर पण तू ओढ, लाईटले दीड एमएम, कूलर अन् टीव्हीच्या पॉईंटले अडीच, फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, रंग बदलायचे नाहीत, पुढच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असते. वायर आयएसआय मार्कचीच. पण बोर्डातले कनेक्शन, मेनमधी जोडणं, आरसीसीबी, अन् शेवटी मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) अन् अर्थ टेस्टरनं तपासणं, हे परवानेवाल्याकडून. अंगमेहनतीचं काम घरी झालं त पॉईंटचा रेट निम्म्यावर यायले हरकत नाही, घासाघीस कर, मी स्वतः गिऱ्हाइकाले असंच सांगतो.

मास्तर_पुसद:
परवान्याविषयी थोडं. राज्याच्या ऊर्जा विभागाच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्री परवाना मिळतो, आणि त्याच्यावर सुपरवायझर व कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स असतं. नवीन कनेक्शन किंवा लोड वाढवायला लागणारा टेस्ट रिपोर्ट लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचाच लागतो. होतं काय की घर न पाहताच सही-शिक्का मारून कागद दिला जातो आणि आपणही पैसे देऊन कागद घेऊन येतो, मोकळे होतो. तसं करू नका. सही करणाऱ्याला म्हणा, घरी या, मीटर लावून दाखवा, अर्थिंगचा आकडा कागदावर लिहा. त्याच्यासाठीच तर आपण पैसे देतो. आणि खोली वाढली, कूलर वाढला तर मंजूर लोड किती आहे तेही एकदा बिलावर पाहून घ्या. परवानेवाला मिळत नसेल तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा, वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांना कोण चांगलं काम करतं हे माहीत असतं. आमच्या गावात दोन जण असेच सापडले.

कपाशी_दारव्हा:
मंडळी, कळवतो म्हणून लिहितो. मास्तरांनी सांगितलं तसं आयटीआयमधी विचारलं, तिथून एक जण मिळाला, चांगला माणूस आहे, मेगर घेऊन आला. खड्डा आम्हीच खोदला, सहा फुटावर मुरूम लागला, सब्बलनं फोडत गेलो पण खोल नेला. खोली झाली, आरसीसीबी मेनले बसवली. आता दोन अडचणी आहेत अन् तो माणूस लग्नाले गेला, आठवडाभर येत नाही. एक, जुना कूलर लावला का आरसीसीबी लगेच पडते. दोन, जुन्या घरातली इन्व्हर्टरवरची ट्यूबलाईट लावली तरी पडते, लाईन असताना पण. काका म्हणून रायले का डबीच खराब आहे, बायपास करून टाक, एवढ्या गर्मीत लाईन जाऊन रायली.

वर्धेची_सून:
बायपास करू नका हो दादा! कूलरवर पडते म्हणजे तिने तुमच्या आईला वाचवलं. ती खराब नाही, कूलर खराब आहे. काकांना तेवढं सांगा.

तारतंत्री_अमरावती:
ताई म्हणतात तेच. आरसीसीबी तिचं काम करून रायली. तरी खात्री पाहिजे असेल त तिच्यावर टी लिहिलेलं बटन आहे, लाईन चालू असताना दाब, पडली पाहिजे, पडली त आतून चांगली आहे. हे महिन्यातून एकदा करतच जाजो.

कूलरचं असं कर, पिन बाहेर काढून पंपाचे दोन्ही वायर कनेक्शनपासून सोडव, टोकं टेप कर, मग नुसता पंखा लाव. आरसीसीबी टिकली त पंप गेला, नवा पंप टाक, अन् वायरीचा जॉईंट टाकीच्या पाण्याच्या वर आण, जमलं त जॉईंटच नको. पंप काढून पण पडली त मोटरची वाइंडिंग आहे, मग ती दुकानात. अन् पिन उलटी केली होती ती आधी सरळ करून तीन पिनचा टॉप लावून घे, हिरवी वायर पत्र्याले नटबोल्टनं, रंग खरवडून.

ट्यूबलाईटचं कारण वेगळं दिसते. इन्व्हर्टरच्या इनपुटले फेज मीटरकडून सरळ घेतली असेल, आरसीसीबीच्या आधीहून, अन् ट्यूबलाईटचा न्यूट्रल मात्र आरसीसीबीच्या नंतरच्या पट्टीवर असेल. मग जाणारा करंट तिच्यातून जात नाही, येणारा तिच्यातून येते, तिले वाटते लीकेज आहे. इन्व्हर्टरची इनपुट फेज आरसीसीबीच्या नंतरून घेतली का भांडण मिटेल, दहा मिनिटांचं काम आहे, पण ते मेनच्या डब्यातलं काम आहे, तू करू नको, तो लग्नाहून आला का त्याच्याकडून करून घे. तोवर इन्व्हर्टर बंद ठेव, बाकी घर चालू राहते. अन् मेनच्या डब्याचा फोटो काढून इथं टाक, झाकण न उघडता, बाहेरून वायरी कुठून कुठं गेल्या तेवढं दिसलं तरी मले सांगता येईल.